वेशीबाहेरचा वायू

राजुऱ्याहून आसिफाबादकडे जाताना महाराष्ट्र कुठं संपला ते पाट्यांवरून कळतं, माणसांवरून कळत नाही. देवाडा गेलं, लक्कडकोट गेलं, नाका मागं पडला, की दुकानांवरची अक्षरं गोल गोल होतात. पण वांकिडीत उतरून टपरीवर चहा मागितला तर समोरचा विचारतो, ‘साखर कमी टाकू का जी?’ शेजारचं गिऱ्हाईक त्याच्याशी तेलुगूत बोलतं, बाकड्यावरचे दोन म्हातारे आपसांत गोंडीत, आणि हिशेबावरून वाद झाला की सगळे मिळून दखनीत भांडतात. राजुरा १९५६ पर्यंत याच आदिलाबाद जिल्ह्यात होता, निजामाच्या जुन्या मुलखात. भाषावार प्रांतरचना झाली, नकाशावर रेघ ओढली गेली, राजुरा अलीकडं आला, वांकिडी पलीकडं राहिली. २०१६ साली आदिलाबादचेही तुकडे पडले आणि वांकिडी कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेली. जिवतीकडच्या डोंगरातली चौदा गावं तर वर्षानुवर्षं दोन्ही राज्यांच्या मतदारयाद्यांत आहेत. सोयरिकी मात्र अजून जुन्याच नकाशावर जुळतात. माझ्या आईचं माहेर त्या नकाशातलं.

जानेवारी होता. मामाचा कापूस शेवटच्या वेचणीला आला होता, पराटीवर उरलीसुरली बोंडं. संध्याकाळी आम्ही बांधावर बसलो होतो. समोर गावाची खालची आळी, तिच्या मागून हायवे. घरोघरी सिलिंडर आलाय, पण अंघोळीचं पाणी अजून पराटीच्या जाळावरच तापतं. थंडीत धूर वर चढत नाही. कौलांच्या उंचीवर चादरीसारखा पडून राहतो. अंधार झाला की तोही दिसेनासा होतो.

‘धूर दिसून रायला का तुले?’ मामानं विचारलं.

दिसत नव्हता. वास येत होता, डोळे चुरचुरत होते, पण समोर नुसता काळोख.

‘थांब. ट्रक येऊ दे.’

ट्रक आला आसिफाबादच्या अंगानं. चढावर होता तोवर त्याचे दिवे पांढरेफेक. मग रस्ता गावामागं शिरला आणि तेच दिवे तांबूस झाले, काजळी धरलेल्या कंदिलासारखे. एका ठिकाणी तर विझतात की काय असं वाटलं. गाव संपलं, ट्रक मोकळ्यात आला, दिवे परत पांढरे.

‘दिवा तं तोच हाय ना? मंग फरक कायचा? मधातल्या धुराचा. जिथं जास्त लाल झाला तिथं धूर जास्त.’

क्वेसारच्या उजेडात दूरच्या दीर्घिकांभोवतीचा वायू कसा शोधतात, हे समजावून सांगण्यासाठी मी आजवर बरीच पानं खर्च केली आहेत. मामानं बिडी पेटवता पेटवता ते सांगून टाकलं, आणि त्याला आपण काही सांगितलं याचा पत्ताही नव्हता.

*

दीर्घिकेचा फोटो आपण पाहतो तेव्हा दिसतं ते फक्त गावठाण: ताऱ्यांची चकती, तिच्यातली वळणं, मधला फुगवटा. आपल्या आकाशगंगेची चकती साधारण एक लाख प्रकाशवर्षं रुंद. पण वायू त्या चकतीच्या कडेशी थांबत नाही. तो दहादहा पट लांब पसरलेला असतो आणि कमालीचा विरळ असतो. आपण श्वासात घेतो त्या हवेच्या एका घनसेंटिमीटरमध्ये सुमारे पावणेतीन लाख कोटी कोटी रेणू असतात. दीर्घिकेच्या वेशीबाहेर लिटरभर जागा धुंडाळली तर कुठं एखाददुसरा अणू हाती लागेल. एवढ्या विरळ वायूची स्वतःची चमक जवळजवळ नसल्यात जमा. दुर्बीण कितीही मोठी घ्या, ती अंधाराकडंच बघत बसणार. म्हणून ट्रकची वाट बघायची.

हा ट्रक, म्हणजे क्वेसार, पहिल्यांदा ओळखला गेला १९६३ साली. त्याआधी रेडिओ दुर्बिणींना आकाशात काही जोरदार स्रोत सापडले होते, पण ते नेमके कुठले तारे हे ठरवता येत नव्हतं. त्या काळच्या रेडिओ दुर्बिणींची नजर अधू होती. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथं सिरिल हॅझर्ड आणि सहकाऱ्यांनी युक्ती केली. ३सी २७३ नावाच्या स्रोतापुढून चंद्र जाणार होता. चंद्राच्या कडेआड तो ज्या क्षणी लपला आणि ज्या क्षणी बाहेर आला, ते क्षण टिपून त्यांनी त्याची जागा पक्की केली. त्या जागी ताऱ्यासारखा एक मामुली ठिपका होता. पालोमारच्या दुर्बिणीवर मार्टेन श्मिट यांनी त्याचा वर्णपट घेतला, पुढच्या वर्षी तो उलगडला तेव्हा हायड्रोजनच्या ओळखीच्या रेषा त्यात होत्या, पण तांबड्या टोकाकडं जवळजवळ सोळा टक्के सरकलेल्या. हा तारा नव्हताच. सुमारे २४० कोटी प्रकाशवर्षांवरचं ते एका दीर्घिकेचं केंद्र होतं. तिथलं महाकाय कृष्णविवर आसपासचं द्रव्य गिळताना सगळ्या दीर्घिकेच्या ताऱ्यांहून जास्त उजळ झालं होतं.

चंद्राच्या कडेची ही हकिगत वाचून आपल्याकडं एका माणसाच्या डोक्यात चक्र फिरलं. गोविंद स्वरूप यांनी उटीच्या उतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दुर्बीण उभारायला घेतली, ती मुख्यतः चंद्रानं झाकलेले असे स्रोत टिपण्यासाठीच. १९७० मध्ये ती सुरू झाली. हेच स्वरूप पुढं जुन्नर तालुक्यात खोडदला आले. त्या गोष्टीकडं मी येणारच आहे, आधी रेघांचं बोलू.

*

प्रकाश लोलकातून नेला की रंगांची पट्टी पडते. वाटेत थंड वायू असेल तर त्या पट्टीतले ठरावीक रंग तो खातो, तिथं काळी रेघ उमटते. हायड्रोजनची सगळ्यांत ठळक रेघ १२१.६ नॅनोमीटरवर पडते, अतिनील भागात. विश्व प्रसरण पावतंय, म्हणून प्रकाशही वाटेत ताणला जातो. क्वेसारचा प्रकाश आपल्याकडं निघाला, वाटेत एका ढगानं त्यातली १२१.६ची जागा खाल्ली; पुढं प्रकाश आणखी ताणला गेला, ती रेघ सरकली, आणि पुढच्या ढगानं पुन्हा १२१.६च खाल्ली, पण पट्टीवर ती जागा आता निराळी. लांब पल्ल्याच्या ट्रकच्या कागदांवर नाक्यानाक्याला शिक्का पडावा, शिक्का तोच, मात्र प्रत्येक वेळी कागद थोडा सरकलेला, तसं. शेवटी कागद आपल्या हाती येतो तेव्हा त्यावर शेकडो शिक्के असतात. १९७१ मध्ये रॉजर लिंड्स यांनी या गर्दीचं वर्णन केलं. इंग्रजीत तिला ‘लायमन-अल्फा फॉरेस्ट’ म्हणतात. मी रान म्हणतो. पराटी वाळल्यावर शेतात नुसत्या काड्याच काड्या उभ्या दिसतात, अगदी तसा तो आलेख असतो.

रानात वाट सापडायला खूण लागते. मॅग्नेशियमनं ती दिली. एक इलेक्ट्रॉन गमावलेलं मॅग्नेशियम दोन रेघा पाडतं, २७९.६ आणि २८०.३ नॅनोमीटरवर. जोडीनंच. त्यातली पहिली जरा जास्त खोल. प्रसरणानं जोडी कुठंही सरकली तरी दोघींच्या तरंगलांबीचं प्रमाण बदलत नाही, त्यामुळं हजार रेघांतही ती उठून दिसते; जू खांद्यावर असलेली बैलजोडी भर बाजारातही ओळखू येते तशी. सरकून ती दृश्य प्रकाशात आली की जमिनीवरच्या दुर्बिणीलाही सापडते.

या रेघा येतात कुठून, यावर १९६९ मध्ये जॉन बाकॉल आणि लायमन स्पिट्झर यांनी म्हटलं की साध्यासुध्या दीर्घिकांभोवती वायूचे मोठमोठे घेर असले पाहिजेत. क्वेसारचा प्रकाश त्यांतून आरपार येतो. कल्पना पटण्यासारखी होती, पण धूर दाखवून घर दाखवता येत नव्हतं. ते दाखवलं १९८६ मध्ये जॅकलिन बर्जेरॉन यांनी. क्वेसारच्या वर्णपटात मॅग्नेशियमची जोडी होती, आणि क्वेसारच्या अगदी बाजूला आकाशात एक अंधूक दीर्घिका होती. त्यांनी त्या दीर्घिकेचं अंतर मोजलं. दोन्हींची ताम्रसृती, म्हणजे रेघांचं तांबड्याकडं सरकणं, एकच निघाली. प्रकाश त्या दीर्घिकेच्या ताऱ्यांमधून आला नव्हता, बऱ्याच लांबून गेला होता, तरी तिच्या वायूचा शिक्का घेऊन आला होता.

इथं एक प्रश्न पडायला हवा, मला तो उशिरा पडला. मॅग्नेशियम तयार होतं ते जड ताऱ्यांच्या पोटात. मग ते वेशीबाहेर, जिथं एकही तारा नाही तिथं, पोचलं कसं? उत्तर मामाच्या गावात आहे. जड तारे स्फोटात संपतात, त्यांची राख वाऱ्यावर निघते आणि दीर्घिकेबाहेर फेकली जाते. गावाबाहेर धुराचा वास आला तर आत कुणीतरी चूल पेटवली आहे. धुराची जात ओळखता आली तर चुलीत पराटी होती की लाकूड हेही सांगता येतं. शास्त्रज्ञ नेमकं तेच करतात: कार्बन किती, ऑक्सिजन किती, लोखंड किती. २००९ मध्ये अंतराळवीरांनी हबल दुर्बिणीत नवा अतिनील वर्णपटलेखक बसवला. त्यावर काम करणाऱ्या जेसन टमलिन्सन यांच्या गटानं २०११ मध्ये जाहीर केलं की तारे घडवणाऱ्या दीर्घिकांभोवतीच्या घेरात ऑक्सिजनचा साठा दीर्घिकेच्या आतल्या वायूतल्या साठ्याच्या तोडीचा आहे. म्हणजे राख घरात जेवढी, अंगणातही तेवढी.

*

वायूची जात प्रकाशावरून ओळखायचा हा उद्योग पुण्याला नवा नाही. कावसजी दादाभाई नायगमवाला हे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात वीस इंची दुर्बीण घेऊन बसले होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली ती महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. नॉर्मन लॉकयर यांचं तेव्हा म्हणणं होतं की तेजोमेघांच्या वर्णपटातली मुख्य रेघ मॅग्नेशियमची आहे. तसं असतं तर तिची एक कड पसरट दिसायला हवी होती. नायगमवालांनी १८९१ मध्ये पुण्यातून मृगातल्या तेजोमेघाची ती रेघ तपासली. ती धारदार निघाली. लॉकयर त्या काळचं बडं प्रस्थ; पुण्यातला पारशी प्राध्यापक त्यांच्या विरोधातलं निरीक्षण छापतो, ही गोष्ट आपल्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत असायला हवी होती. पुढं १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी ती रेघ दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची असल्याचं दाखवलं. १८९८च्या २२ जानेवारीला खग्रास ग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला तेव्हा नायगमवाला करमाळ्याजवळ जेऊरला वर्णपट घ्यायला हजर होते. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणं कोडाईकनालला गेली. पुण्यात खगोलशास्त्राची चूल मग कितीतरी दशकं थंडच होती.

ती परत पेटली १९८८ मध्ये, आयुका ही खगोलशास्त्राची संस्था स्थापन झाली तेव्हा. जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक. नारळीकरांनी फ्रेड हॉइल यांच्यासोबत महास्फोटाच्या सिद्धान्ताला आयुष्यभर पर्याय शोधला. २००० साली हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबरचं त्यांचं त्या विषयावरचं पुस्तक केंब्रिजकडून निघालं. आणि त्याच साली, त्याच आयुकातले रघुनाथन श्रीआनंद यांनी पॅट्रिक पेटिजाँ आणि सेड्रिक लेदू यांच्यासोबत ‘नेचर’मध्ये एक निबंध छापला. चिलीतल्या ८.२ मीटरच्या दुर्बिणीनं त्यांनी एका क्वेसारपुढच्या ढगातल्या कार्बनच्या बारीक रेघा मोजल्या होत्या. तो प्रकाश अकराशे कोटी वर्षांच्या आसपास वाटेवर होता. अशा ढगातले कार्बनचे अणू तिथल्या पार्श्वभूमीच्या प्रारणानं किंचित तापलेले असतात. कोणत्या रेघा किती खोल यावरून ते तापमान काढता येतं. आज विश्वात सगळीकडं भरलेलं हे प्रारण २.७ केल्विनचं आहे. महास्फोटाचं गणित सांगतं की त्या काळी ते ९.१ असायला हवं. मोजमाप निघालं ६ ते १४च्या दरम्यान. गणित त्यात बसलं. २००८ मध्ये याच शास्त्रज्ञांनी पास्केल नोटरडाम यांच्यासह दुसऱ्या एका ढगात कार्बन मोनॉक्साइड शोधून काढला आणि नेमका आकडा दिला: ९.१५, चूक पाऊण केल्विनच्या आत. एखाद्या ढगाचा थर्मामीटर म्हणून वापर करावा आणि तो शेकडो कोटी वर्षांपूर्वीचा ताप बरोबर सांगावा!

मला यातली आणखी एक गोष्ट आवडते. संस्थापकाच्या मतांना न मानवणारं उत्तर त्यांच्याच संस्थेतून बाहेर पडलं, तेही ते संचालक असताना. संस्था उभारणं म्हणजे काय, ते मला नारळीकरांच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा यातून जास्त कळतं. २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा अनेकांनी त्यांच्या विज्ञानकथांबद्दल लिहिलं, ते योग्यच. ही गोष्ट मात्र फारशी कुणी लिहिली नाही.

*

आतापर्यंतचं सगळं उजेडातलं. पण धूर फार दाट झाला तर काय होतं? त्या संध्याकाळी एका ठिकाणी ट्रकचे दिवे जवळजवळ विझले होते. तारे जन्माला येतात ते अशाच दाट, थंड, धुळीच्या ढगांत. क्वेसारपुढं असा ढग आला की क्वेसारच अंधूक आणि तांबडा पडतो, दृश्य प्रकाशातल्या याद्यांतून निसटतो. जे सगळ्यांत महत्त्वाचं तेच यादीबाहेर! अशा वेळी रेडिओ लहरी उपयोगी येतात, त्यांना धूळ अडवत नाही. थंड हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर देतो किंवा घेतो, वारंवारता १४२० मेगाहर्ट्झ. १९४४ मध्ये व्हान दे हुल्स्ट यांनी ती कागदावर वर्तवली, १९५१ मध्ये ती खरोखर ऐकू आली. क्वेसारपुढच्या दूरच्या ढगात ही रेघ पहिल्यांदा १९७३ मध्ये दिसली, तीही सरकून ८४० मेगाहर्ट्झच्या आसपास आलेली. आज मोबाइलच्या लहरी याच शेजारात नांदतात. रेडिओ खगोलशास्त्रज्ञाला मोबाइल म्हणजे रात्री डोळ्यांवर बॅटरी मारणारा पाहुणा.

म्हणूनच गोंगाटापासून लांब खोडद. नारायणगावच्या पलीकडं, टोमॅटो-कांद्याच्या शेतांमधून रस्ता जातो आणि एकाएकी बांधापलीकडं ४५ मीटर व्यासाची तबकडी उभी दिसते. अशा तीस. चौदा मधल्या चौकात, सोळा तीन हातांवर पंचवीस किलोमीटरांपर्यंत पसरलेल्या. जवळ गेल्यावर गंमत कळते: तबकडी भरीव नाहीच, पोलादाच्या बारीक तारांची जाळी आहे, पलीकडचं आभाळ तिच्यातून आरपार दिसतं. लहर हातभर लांबीची, तिला जाळीची भोकं जाणवतच नाहीत. वारा मात्र आरपार जातो. त्यामुळं वजन कमी, खर्च कमी. ही स्वरूपांची अक्कल. २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, इथं जत्रा भरते. शाळांच्या गाड्या येतात, आजूबाजूच्या गावांतली माणसं येतात, आणि तारांच्या जाळीकडं मान वर करून बघतात.

जीएमआरटी नावाच्या या दुर्बिणीनं वायूबद्दलची एक अस्वस्थ करणारी गोष्ट सांगितली. दूरच्या एकेका दीर्घिकेतला हायड्रोजन वेगळा ऐकू येण्याइतका मोठा आवाज नसतो. आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचले. गोंगाट एकमेकांत विरला आणि वायूचा सरासरी आवाज वर आला. ऑक्टोबर २०२०मध्ये ‘नेचर’नं ते छापलं. आठशे कोटी वर्षांपूर्वीच्या त्या दीर्घिकांत वायू भरपूर होता. पण तारे ज्या वेगानं घडत होते, त्या वेगानं तो शंभर-दोनशे कोटी वर्षांत संपला असता. कोठीत धान्य आहे, पण खाणारी तोंडंही तेवढीच. मग पुढं दाणा कुठून येणार? वेशीबाहेरून. तो यायचा कमी झाला म्हणून विश्वातली ताऱ्यांची पैदास त्यानंतर उतरणीला लागली, असं हे काम सुचवतं. त्यामुळं वेशीबाहेरचा वायू मोजणं ही हौस राहत नाही, धान्याची आवक मोजल्यासारखं ते काम आहे. स्वरूप हा निबंध छापून येण्याच्या महिनाभर आधी, ७ सप्टेंबर २०२०ला गेले.

दाट ढगांची मोठी शोधमोहीम मात्र सध्या दक्षिण आफ्रिकेतून चालते, पण तिचं घर पुण्यात आहे. कारू वाळवंटातल्या मीरकॅटच्या ६४ तबकड्यांवर आयुकाच्या नीरज गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली शेकडो तास क्वेसारांकडं कान लावले गेले. क्वेसार निवडले ते अवरक्त आणि रेडिओ प्रकाशावरून, म्हणजे धुळीआडचेही सुटणार नाहीत. त्यांची ओळख पटवायला आयुकाची भागीदारी असलेली सदरलंडची साल्ट दुर्बीण वापरली. माहितीचा ढीग पुण्यातल्या संगणकांवर दळला जातो. २०२४ मध्ये आलेल्या पहिल्या यादीत ३९१ दिशांत सापडलेले जवळजवळ पाच लाख रेडिओ स्रोत आहेत. ते नुसतं भुसकट. गहू म्हणजे त्या वर्णपटांतल्या रेघा, त्यांची वेचणी अजून चालू आहे.

*

बर्जेरॉन यांच्यानंतरही बऱ्याच मोठ्या ढगांचे मालक सापडत नव्हते. काही ढग इतके दाट, की हायड्रोजनची रेघ पसरून खंदकासारखी होते. ते एखाद्या दीर्घिकेचेच असणार हे उघड होतं, पण क्वेसार इतका झगझगीत की शेजारची अंधूक दीर्घिका त्याच्या उजेडात दिसेना. समोरून ट्रक आला की रस्त्याकडेचा माणूस दिसत नाही, तसं. मार्सेल नीलमन, काणेकर आणि झेवियर प्रोचास्का यांनी चिलीतल्या आल्मा दुर्बिणीनं कार्बनची १५८ मायक्रोमीटरची लहर शोधली. त्या लहरीत क्वेसारचा झगमगाट आड येत नाही. २०१७ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांनी दोन घरं दाखवली, बाराशे कोटी वर्षांपूर्वीची. मालक ढगाच्या जागी नव्हतेच. एक सुमारे ५९ हजार प्रकाशवर्षं दूर, दुसरा १ लाख ३७ हजार. इतक्या कोवळ्या वयाच्या दीर्घिकांचा दाट वायू इतका लांब!

एक अडचण मात्र सुटत नाही. दूरच्या दीर्घिकेमागून बहुधा एकच क्वेसार दिसतो. एका गावामागून एकच ट्रक. धुराची चादर उत्तरेला जाड की दक्षिणेला, हे एका ट्रकवरून कसं सांगणार? शेकडो दीर्घिका एकत्र करून सरासरी काढायची, एवढंच हाती. अपवाद शेजारणीचा. देवयानी दीर्घिका आपल्यापासून २५ लाख प्रकाशवर्षांवर, आणि आकाशात इतकी ऐसपैस, की तिच्या घेरामागं कितीतरी क्वेसार आहेत. निकोला लेनर यांच्या गटानं हबलनं त्यातले ४३ तपासले. २०२० मध्ये निकाल आला: देवयानीचा वायू १३ लाख प्रकाशवर्षांपर्यंत पसरलाय, काही दिशांना २० लाखांपर्यंत. आपल्या आकाशगंगेलाही असाच घेर आहे. म्हणजे दोन्हींचे घेर मधे कुठंतरी एकमेकांना टेकलेले असावेत. दोन्हींच्या चकत्यांची टक्कर व्हायची तेव्हा होवो, वेशी कधीच्या मिसळल्या असाव्यात. लक्कडकोटच्या नाक्यावर मला हेच आठवत होतं.

मामाकडं रात्री जागलीला एक म्हातारा गोंड असतो, रानडुकरं हाकायला. दहाच्या सुमारास मी त्याच्या शेकोटीपाशी गेलो. देवयानी पश्चिमेला उतरत होती; डोळे काळोखाला सरावले की पुसट डाग दिसतो, तेवढंच तिचं गावठाण. ईशान्येला सप्तर्षींचा चौकोन नुकता झाडांवर आला होता. म्हाताऱ्यानं तो दाखवला. ती खाट आहे, म्हणाला, आणि चोर ती न्यायला येतात. गोंडांच्या आकाशाबद्दल मयंक वाहिया आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये जे नोंदवलं त्यातही सप्तर्षींची खाट आणि मागचे तीन चोर आहेत. पुस्तकात वाचलेलं माणसाच्या तोंडून ऐकलं की बरं वाटतं.

‘चोर कुठं हायेत?’ मी विचारलं.

‘खालीच हायेत अजून. खाट पुढं येते, चोर मागून येतेत.’

देवयानीचा घेर डोळ्यांना दिसता तर चोरांसकट पूर्ण सप्तर्षींच्या जवळपास तिप्पट रुंद दिसला असता, असं हबलवाल्यांनी हिशेबानं सांगितलं आहे. मी हात पुढं करून वीत मोजत बसलो. पश्चिमेचं निम्मं आभाळ त्यात जात होतं. म्हातारा बघत होता. मी काय मोजतोय ते सांगितलं, तर त्यानं मान हलवली आणि शेकोटीत एक काडी सारली.

तेवढ्यात आसिफाबादच्या चढावर दिवे दिसले. आम्ही दोघंही तिकडं वळलो. ट्रक गावामागं शिरला, खालच्या आळीमागून गेला. या खेपेला दिवे जेमतेम पिवळसर झाले. गावात चुली विझल्या होत्या.